परळचे यीस्ट आणि मुलांच्या रक्ताचा कर्करोग

लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगाला औषधाने, तात्पुरता का होईना, उतार पडू शकतो हे प्रथम दिसले ते अमेरिकेतील बोस्टन शहरात, १९४७ च्या डिसेंबरात. वैद्यकाचा इतिहास सांगताना बहुधा तेथूनच सुरुवात केली जाते. मात्र त्या औषधाचे मूळ शोधू गेल्यास वाट मुंबईतील परळच्या हाफकिन संस्थेत येऊन पोहोचते. तेथील एका इंग्रज महिला डॉक्टरने गिरणगावातील गर्भवती स्त्रियांच्या पांडुरोगावर एक अगदी स्वस्त उपाय शोधला होता. बीअर आंबवून झाल्यावर पिंपात उरणाऱ्या यीस्टचा अर्क, हा तो उपाय. आंबवण्याची क्रिया आणि मुलांचा कर्करोग हे दोन विषय वरकरणी एकमेकांपासून दूरचे वाटतात. प्रयोगशाळेत मात्र त्यांची गाठ वारंवार पडत आली आहे.

गिरणगावातील पांडुरोग

डॉ. ल्यूसी विल्स यांचा जन्म १८८८ चा. केंब्रिजच्या न्यूनहॅम महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र व भूगर्भशास्त्र शिकल्यानंतर त्या वैद्यकाकडे वळल्या आणि १९२० मध्ये लंडन येथे डॉक्टर झाल्या. १९२८ मध्ये त्या मुंबईस आल्या. गरोदरपणातील मातामृत्यूंची चौकशी त्या वेळी हाफकिन संस्थेत सुरू होती. कापड गिरण्यांच्या परिसरात राहणाऱ्या अनेक गरीब स्त्रियांना गरोदरपणी तीव्र पांडुरोग होई, आणि त्यातील कित्येक दगावत. या स्त्रियांच्या रक्तातील तांबड्या पेशी संख्येने कमी, परंतु आकाराने नेहमीपेक्षा मोठ्या असत. लोहाच्या अभावी होणाऱ्या पांडुरोगात पेशी लहान होतात. तेव्हा हा आजार निराळा होता, हे उघड होते.

विल्स यांनी एस. एन. तळपदे यांच्यासह मुंबईतील स्त्रियांच्या आहाराची व राहणीची पाहणी केली आणि ती १९३० मध्ये प्रसिद्ध केली. एम. एम. मेहता यांच्यासह त्यांनी उंदरांवर प्रयोग केले. येथे एक घोटाळा झाला. उंदरांचा पांडुरोग निव्वळ आहारामुळे नव्हता. उवांमार्फत पसरणाऱ्या बार्टोनेला नावाच्या जंतूचाही त्यात हात होता. पुढे माकडांना त्या स्त्रियांसारखाच निकृष्ट आहार देऊन पाहिला असता तसाच पांडुरोग उत्पन्न झाला. यीस्टच्या अर्काने तो बरा होई. हा अर्क म्हणजे ‘मार्माइट’. इंग्लंडमधील बर्टन येथे १९०२ पासून बीअरच्या उरलेल्या यीस्टपासून तो तयार होत असे आणि पावाला लावून खाल्ला जाई. तोच अर्क परळच्या रुग्ण स्त्रियांना देण्यात आला. त्यांचे रक्त झपाट्याने सुधारले. १९३१ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये याविषयीचा लेख आला, आणि यीस्टमधील त्या अज्ञात घटकाला पुढे ‘विल्स घटक’ असे नाव पडले.

हा घटक कोणता, ते विल्स यांना सांगता आले नाही. एवढे मात्र त्यांनी १९३७ मध्ये दाखवून दिले, की शुद्ध केलेल्या यकृतअर्काने हे रुग्ण सुधारत नाहीत, कच्च्या अर्काने सुधारतात. म्हणजे शुद्धीकरणात काहीतरी गळून जाते आहे. त्या ‘काहीतरी’चा माग पुढील आठ वर्षे निरनिराळ्या देशांतील प्रयोगशाळा काढीत राहिल्या.

दुधातील जिवाणूंची मोजपट्टी

हा माग काढण्याचे साधन आंबवण्याच्या शास्त्रातूनच मिळाले. दूध व चीज यांत वाढणारा ‘लॅक्टोबॅसिलस केसाय’ हा जिवाणू काही पोषक द्रव्ये स्वतः तयार करू शकत नाही. ती बाहेरून मिळाली तरच तो वाढतो. परीक्षानळीत त्याला बाकी सारे अन्न पुरवायचे, फक्त तपासायचे द्रव्य वगळायचे, आणि मग संशयित अर्काचा थेंब टाकायचा. द्रव गढूळ झाला, आम्ल वाढले, की त्या अर्कात ते द्रव्य आहे असे समजायचे. किती गढूळ, यावरून प्रमाण कळते. माणसाला महिनोन्‌महिने औषध देऊन पाहण्यापेक्षा हे काम एक-दोन दिवसांत होई. १९४१ मध्ये टेक्सास विद्यापीठातील संशोधकांनी चार टन पालकातून हा घटक अलग केला आणि लॅटिनमधील ‘फोलियम’, म्हणजे पान, या शब्दावरून त्याला फोलिक आम्ल हे नाव दिले. रक्तातील फोलेट मोजण्यासाठी जिवाणूंची ही जुनी रीत आजही मोठ्या पाहण्यांमध्ये प्रमाण मानली जाते.

१९४५ मध्ये अमेरिकेतील लेडर्ली प्रयोगशाळेने फोलिक आम्ल कृत्रिमरीत्या तयार केले. तेथील संशोधनाचे प्रमुख होते भीमावरमचे यल्लाप्रगडा सुब्बाराव. पेशी दुभंगण्यापूर्वी तिला आपल्या डीएनएची प्रत काढावी लागते, आणि त्यासाठी लागणारे एक घटकद्रव्य तयार करण्यास फोलेट अत्यावश्यक असते. ते नसेल तर अस्थिमज्जेतील पेशी फुगतात, पण दुभंगत नाहीत. गिरणगावातील स्त्रियांच्या रक्तातील त्या मोठ्या पेशींचा उलगडा असा झाला.

बोस्टनमधील सोळा मुले

डॉ. सिडनी फार्बर हे बोस्टनच्या बालरुग्णालयात विकृतिशास्त्रज्ञ होते. कर्करोगाच्या रुग्णांना फोलिक आम्लाशी संबंधित द्रव्ये दिली असता रक्ताच्या कर्करोगाच्या काही रुग्णांत रोग उलट बळावल्यासारखा दिसला. या निरीक्षणाचा नेमका अर्थ काय, यावर पुढे मतभेद झाले. आजची कोणतीही नैतिक समिती असा प्रयोग सहजी मंजूर करणार नाही, हेही खरे. फार्बर यांनी त्यातून काढलेले अनुमान मात्र अचूक ठरले. ज्या द्रव्याने मातेच्या निरोगी पेशी वाढतात त्याच द्रव्यावर मुलाच्या रोगट पेशीही पोसल्या जात असतील, तर ते तोडले पाहिजे. सुब्बाराव यांच्या चमूने फोलिक आम्लासारखी दिसणारी, पण त्याचे काम न करणारी द्रव्ये बनवून दिली. त्यांपैकी अ‍ॅमिनोप्टेरिन हे सर्वांत प्रभावी ठरले.

जून १९४८ मध्ये फार्बर यांचा लेख प्रसिद्ध झाला. सोळा मुलांना अ‍ॅमिनोप्टेरिन देण्यात आले होते. त्यांपैकी दहा मुलांत सुधारणा दिसली. ती काही आठवडे वा महिने टिकली आणि रोग परतला. तरीही जो आजार काही आठवड्यांत मूल हिरावून नेई, त्याला औषधाने मागे रेटता येते हे प्रथमच दिसले होते. सुब्बाराव त्याच वर्षी ऑगस्टमध्ये निवर्तले. अ‍ॅमिनोप्टेरिनची जागा लवकरच त्याच्या जवळच्या भावंडाने, मेथोट्रेक्सेटने, घेतली. आज जगातील जवळजवळ प्रत्येक मुलाच्या तीव्र लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियाच्या उपचारात हे औषध असते.

आंबवण्यातून आलेली मदत येथेच थांबली नाही. मेथोट्रेक्सेट मोठ्या मात्रेत दिल्यास रोगट पेशींबरोबर निरोगी पेशीही मरू लागतात. तेव्हा ठरावीक तासांनी ‘ल्युकोव्होरिन’ हा उतारा द्यावा लागतो. या नावात एका जिवाणूचे नाव दडले आहे. लोणी सुवासिक करण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या ‘ल्युकोनॉस्टॉक सिट्रोव्होरम’ या जिवाणूला वाढीसाठी एक घटक लागतो असे १९४८ मध्ये आढळले. तो घटक म्हणजेच हा उतारा. याच कुळातील ‘ल्युकोनॉस्टॉक मेसेंटेरॉइडिस’ इडलीचे पीठ फुगवतो, हे पुढे १९६५ मध्ये सिद्ध झाले. याच मुलांना दिले जाणारे ६-मर्कॅप्टोप्युरिन हे दुसरे औषध जॉर्ज हिचिंग्ज व गर्ट्रूड इलियन यांनी शोधले, तेही लॅक्टोबॅसिलस केसायवर शेकडो द्रव्ये तपासत. जिवाणूची वाढ थांबवणारे द्रव्य कर्कपेशीचीही थांबवील, हा त्यांचा तर्क होता. १९८८ मध्ये दोघांना नोबेल पुरस्कारात वाटा मिळाला.

दोष अन्नाचा की आणखी कशाचा?

मुलाला कर्करोग झाला की घरातील पहिला प्रश्न असतो, ‘आमचे काय चुकले? काय खाऊ घातले?’ तीव्र लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियाच्या बाबतीत प्रयोगशाळेने याचे बरेच स्पष्ट उत्तर दिले आहे. नवजात बालकांच्या टाचेतील रक्ताचा थेंब कागदावर टिपून ठेवण्याची पद्धत पाश्चात्त्य देशांत आहे. पुढे ल्युकेमिया झालेल्या मुलांचे असे जुने कागद १९९७ नंतर तपासले गेले, तेव्हा त्यांतील अनेकांत रोगाशी संबंधित जनुकीय जोड जन्माच्या वेळीच असल्याचे आढळले. म्हणजे पहिली पायरी गर्भातच, पेशी दुभंगताना होणाऱ्या चुकीतून, घडलेली असते. अशी जोड घेऊन जन्मणाऱ्या बहुसंख्य मुलांना हा रोग कधीच होत नाही. त्यासाठी जन्मानंतर दुसरा आघात व्हावा लागतो.

हा दुसरा आघात कशाने होतो? ब्रिटिश संशोधक मेल ग्रीव्ह्ज यांचे मत असे, की तान्हेपणी पुरेशा सूक्ष्मजंतूंशी गाठ न पडलेल्या मुलांची प्रतिकारशक्ती पुढे साध्या संसर्गालाही अवाजवी प्रतिसाद देते आणि त्यात हा आघात घडतो. स्पेनमधील सालामांका येथील प्रयोगशाळेने रोगप्रवण उंदरांवर केलेले प्रयोग याला काहीसे पूरक आहेत. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार प्रतिजैविके देऊन आतड्यातील जिवाणू उणावले, की अशा काही उंदरांना ल्युकेमिया होतो. सौम्य जिवाणूंचे मिश्रण लहानपणी देऊन रोग टाळता येईल का, अशी चर्चा त्यातून सुरू झाली. दह्याचे महत्त्व सांगणाऱ्यांना ही गोष्ट आवडेल. पण दही खाल्ल्याने मुलांचा रक्ताचा कर्करोग टळतो, असे कोणत्याही प्रयोगाने दाखवलेले नाही.

मुलांच्या अन्नाचा कर्करोगाशी संबंध ठामपणे सिद्ध झाल्याचे एक उदाहरण मात्र आहे, आणि ते आंबवलेल्या पदार्थाचेच आहे. दक्षिण चीनमध्ये अंगावरचे दूध तोडताना बाळाला भातासोबत खारवलेले, अर्धवट आंबलेले मासे भरवण्याची चाल होती. त्याने मोठेपणी नाक व घसा यांमधील भागाचा कर्करोग वाढतो. १९९३ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने अशा चिनी पद्धतीच्या माशांना निश्चित कर्करोगकारकांच्या यादीत घातले. बुरशीतून येणारे अफ्लाटॉक्सिन हे विषही याच यादीत आहे. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये भुईमुगाच्या पेंडीमुळे टर्की पक्षी मोठ्या संख्येने मेले, तेव्हा त्याचा शोध लागला. १९७४ मध्ये राजस्थान व गुजरातच्या सीमाभागात बुरशी लागलेला मका खाऊन शंभराहून अधिक माणसे दगावली. दीर्घकाळ पोटात गेल्यास त्यातून यकृताचा कर्करोग संभवतो, परंतु तो मुख्यतः प्रौढांचा. जनावराच्या खाद्यातील अफ्लाटॉक्सिनचा अंश दुधात उतरतो आणि ते दूध उकळल्याने वा विरजल्याने नाहीसा होत नाही. म्हणूनच भारतात दुधासाठी किलोमागे ०.५ मायक्रोग्रॅमची मर्यादा आहे.

कारखान्यातील पिंपे

या मुलांच्या उपचारातील आणखी एक औषध, अ‍ॅस्परॅजिनेज, आजही आंबवूनच तयार होते; फक्त पिंपे पोलादाची असतात आणि आत ‘ई. कोलाय’ हा जिवाणू वाढवलेला असतो. ल्युकेमियाच्या पेशींना अ‍ॅस्परॅजिन हे अमिनो आम्ल बाहेरून लागते. हे विकर ते रक्तातून नाहीसे करते. असे जैविक औषध रासायनिक गोळीसारखे दर वेळी हुबेहूब बनत नाही. शुद्धीकरणात कसर राहिली तर त्याची क्रिया कमी होते किंवा त्यात नको ती प्रथिने उरतात. भारतात मिळणाऱ्या निरनिराळ्या जेनेरिक औषधांची क्रिया कमीजास्त असल्याचे येथील डॉक्टरांच्याच अभ्यासांत दिसून आले आहे. इंजेक्शननंतर रक्तातील विकराची पातळी मिलिलिटरमागे ०.१ एकक राहिली, तर औषध लागू पडत आहे असे मानतात. ही तपासणी मोठ्या केंद्रांत होऊ लागली आहे; लहान गावांतील रुग्णालयांत ती सहसा होत नाही, आणि मग मुलाला दिलेले इंजेक्शन खरोखर काम करते आहे की नाही, हे कोणालाच ठाऊक नसते.

संपन्न देशांत या ल्युकेमियाची सुमारे नव्वद टक्के मुले बरी होतात. भारतात १९८४ च्या सुमारास मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय, चेन्नईची कर्करोग संस्था व दिल्लीचे ‘एम्स’ यांनी एमसीपी-८४१ ही समान उपचारपद्धती स्वीकारल्यानंतर निष्कर्ष पुष्कळ सुधारले. तरीही येथील प्रमाण अजून नव्वदपर्यंत पोहोचलेले नाही. उपचार अर्ध्यावर सुटणे आणि उपचारादरम्यान होणारे जंतुसंसर्ग ही त्यामागील दोन मोठी कारणे होत. टाटा रुग्णालय परळमध्येच, हाफकिन संस्थेपासून जवळच आहे.

मेडशीच्या स्वयंपाकघरात

परळमध्ये उपचाराचे पहिले काही महिनेच जातात. नंतरची दीड-दोन वर्षे मूल घरी राहून गोळ्या घेते. हे घर वाशीम जिल्ह्यात, अकोल्याहून वाशीमकडे जाणाऱ्या रस्त्यावरील मेडशीसारख्या गावातही असू शकते. तेथून मुंबई म्हणजे आधी अकोल्यापर्यंतची बस आणि मग रात्रभराची रेल्वे. अशा वेळी ताप यावा असे काही पोटात न जाणे हीच सर्वांत मोठी सावधगिरी, आणि घरात तर दही, ताक, आंबील, लोणचे रोजचेच.

यांपैकी काय चालते? आंबवलेले अन्न सुरक्षित असते ते मुख्यतः आम्लामुळे. पीएच ४.६ च्या खाली गेला की बोटुलिझमचा जंतू विष तयार करू शकत नाही. चांगले लागलेले दही या रेषेखाली असते. विरजण लावण्यामागचे शहाणपण हेच. उपयोगी जिवाणूंची फौज आधीच उतरवल्याने आम्ल लवकर वाढते आणि इतरांना संधी मिळत नाही. ज्वारीचे पीठ ताकात कालवून आंबील करतात, तेव्हाही तेच घडते. विरजणाविना, नुसत्या पाण्यात दिवसेंदिवस भिजत ठेवलेल्या पिठाची गोष्ट निराळी. २०२० मध्ये ईशान्य चीनमध्ये मक्याच्या आंबवलेल्या पिठाच्या शेवया खाऊन एकाच मेजवानीतील नऊ जण दगावले. त्यापूर्वी २०१५ मध्ये मोझांबिकमध्ये मक्याच्या घरगुती बीअरने पंचाहत्तर बळी घेतले होते. दोन्ही ठिकाणी बाँग्क्रेकिक आम्ल हे जिवाणूजन्य विष सापडले. ते शिजवल्याने नष्ट होत नाही. कुरडयांसाठी गहू भिजत घालताना दररोज पाणी बदलण्याची आपल्याकडची रीत या दृष्टीने पाहण्यासारखी आहे.

केमोथेरपी घेणाऱ्या मुलाच्या पांढऱ्या पेशी फार उतरलेल्या असतील, तर निरोगी माणसाला निरुपद्रवी असलेले जिवाणूही क्वचित रक्तात शिरू शकतात. त्या दिवसांत ताज्या दह्याविषयी रुग्णालयांचे नियम एकसारखे नाहीत, तेव्हा आपल्या डॉक्टरांचा शब्द अंतिम मानावा. वाफवलेली इडली वा ढोकळा गरम असताना दिल्यास तशी काळजी उरत नाही. तासन्‌तास बाहेर राहिलेली शिळी इडली मात्र देऊ नये, कारण तिच्यावर वाढलेल्या काही जंतूंचे विष पुन्हा गरम करूनही जात नाही. बुरशी आलेले लोणचे, पापड वा पाव वरचा भाग काढून वापरण्याची सवय अशा घरात अजिबात नको. पावसात भिजलेले सोयाबीन वा ज्वारी साठवलेल्या खोलीत मुलाला झोपवू नये. बुरशीचे बीजाणू श्वासावाटे फुप्फुसात जातात आणि या मुलांत तो संसर्ग जिवावर बेततो.

याचा अर्थ सारेच बंद करावे असा नव्हे. अमेरिकेत कर्करोगाच्या १५० मुलांवर झालेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत कच्ची फळे-भाज्या वगैरे वर्ज्य करणारा कडक आहार आणि स्वच्छतेचे साधे नियम यांची तुलना केली गेली. संसर्गाचे प्रमाण एकीकडे ३५ टक्के, दुसरीकडे ३३ टक्के, म्हणजे सारखेच निघाले. हात धुणे, कच्चे दूध टाळणे, भाज्या नीट धुणे, शिजवलेले लगेच खाणे एवढे पाळले गेले, तर मुलाची उपासमार करण्याचे कारण नाही. आपल्याकडे ही मुले आधीच अशक्त असतात. दह्यातील वा पालेभाज्यांतील फोलेटमुळे मेथोट्रेक्सेट निष्प्रभ होईल, ही भीतीही अनाठायी आहे. अन्नातील प्रमाण त्यासाठी फार थोडे असते. ६-मर्कॅप्टोप्युरिन दुधासोबत घेऊ नये असे पूर्वी सांगत. नंतरच्या मोठ्या अभ्यासात त्याने रोग परतण्याचे प्रमाण वाढल्याचे दिसले नाही.

फोलिक आम्लाच्या गोळ्यांची गोष्ट वेगळी. मेथोट्रेक्सेटची गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. ती चुकून रोज घेतली गेल्यास प्राणघातक ठरू शकते. फोलिक आम्लाची गोळी रोजची. दोन्ही पुष्कळदा लहान आणि पिवळ्या असतात. शिवाय त्याच घरात एखादी गर्भवती असेल, तर आशा कार्यकर्ती तिला ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फोलिक आम्लाच्या गोळ्या देऊन जाते. परळमध्ये गिरणी कामगार स्त्रियांवर सुरू झालेल्या शोधाचेच ते फळ. मुलाच्या गोळ्यांचा डबा तिच्या गोळ्यांपासून वेगळा, उंच फळीवर ठेवावा आणि त्यावर मेथोट्रेक्सेटचा वार मोठ्या अक्षरांत मराठीत लिहावा.